काखेतली वहाण

वहाण पायासाठी असते. काटा, खडा, विंचू, तापलेली माती यांपासून पाय वाचावा म्हणून माणसानं जनावराचं कातडं तळव्याखाली घेतलं. मग आपल्या माणसाची वहाण काखेत कशी गेली? पाय उघडा आणि वहाण फडक्यात झाकलेली, हा उलटा कारभार कुणी लावला? हा प्रश्न गावाला विचारायचा आहेच. पण नुसता गावाला विचारून भागणार नाही. तो चळवळीतल्या तुम्हा-आम्हा पोरांनाही विचारावा लागेल.

सुरुवात साध्या पिशवीपासून करू. आज बाजारात बुटांसाठी वेगळी पिशवी मिळते. खेळाडू, डोंगर चढणारे, व्यायामशाळेत जाणारे ती पाठीला अडकवतात. हवा खेळावी म्हणून जाळी, दोरी ओढली की तोंड बंद. जपानात शाळेतल्या पोरांकडं अशी कापडी पिशवी असते. शाळेच्या आत घालायचे बूट वेगळे, ते धुवायला त्या पिशवीतून घरी न्यायचे. हजला गेलेले लोक मक्केच्या मशिदीत शिरताना चपला काढतात आणि पुष्कळजण त्या दोरीच्या पिशवीत घालून पाठीवर घेतात. लाखोंच्या गर्दीत दाराशी ठेवलेली चप्पल पुन्हा सापडायची नाही, म्हणून.

या पिशव्यांत मला काही वावगं दिसत नाही. तिथं मालकही चपला काढतो आणि त्याचा नोकरही काढतो. आपणही विहारात जाताना दाराशी चपला काढतो. चौदा एप्रिलला पुतळ्याला हार घालताना आपली माणसं चपला खाली ठेवून चौथऱ्यावर चढतात, आणि वर बाबासाहेब मात्र बूट घालून उभे असतात. कुणी हुकूम सोडलेला नसतो. तेव्हा चप्पल काढणं हाच अपमान, असं म्हणून चालणार नाही. कोण काढतो, कुणापुढं काढतो, आणि समोरचाही काढतो का, हे विचारल्याशिवाय अपमान कुठं आहे ते कळत नाही.

आता आपली पिशवी. तिला नाव नव्हतं. कधी धोतराचं धडपं, कधी डोक्यावरचा बोजा, कधी पदर, नाहीतर सरळ काख. म्हातारी माणसं बाजाराला निघायची ती वहाणा हातात घेऊन, आणि तालुक्याच्या वेशीवर पाय धुऊन घालायची. का, म्हणून विचारलं तर एकच उत्तर, ‘झिजत्यात.’

हे उत्तर खोटं नव्हतं. बाभळीच्या सालीत आणि हिरड्यात कमावलेलं कातडं पाण्यात फुगतं, वाळलं की कडक होतं, मग वादी तुटते. ज्या घरात वर्षाला एक जोड होणं मुश्कील, तिथं चिखलातून वहाण घालून जाणं म्हणजे दाणे उधळत जाणं. पायाचं कातडं फाटलं तर पुन्हा येतं, वहाणेचं येत नाही. हा हिशेब गरिबानं केला आणि तो बरोबर केला. सगळ्याच जातींतल्या गरिबांनी केला.

पण त्याच वहाणेचा दुसराही एक हिशेब होता, आणि तो गावानं केला होता. चावडी आली, वाडा आला, मारुतीचं देऊळ आलं, की वहाण पायातून निघून हातात. तिथं चिखल नाही, पाणी नाही. तिथली वाट तर सगळ्या गावात चांगली. तिथं वहाण झिजण्याचा प्रश्न नव्हता, गावाचा मान झिजण्याचा होता.

हे दोन हिशेब एकमेकांत इतके मिसळले की आपल्या माणसालाही ते वेगळे काढता येईनात. चावडीपुढं काढली तरी तो म्हणे झिजते. आणि असं म्हणणं त्याच्या सोयीचं होतं. ‘मी भितो’ म्हणण्यापेक्षा ‘मी जपतो’ म्हणणं कुणालाही बरं वाटतं. स्वतःच्या पोरापुढं तर फारच.

मग यातलं काटकसरीचं कुठलं आणि गुलामीचं कुठलं, हे ओळखायचं कसं? मला एक खूण सापडली आहे. रबरी चप्पल आली, टायरची चप्पल आली. रबराला पाण्याचं भय नाही. टायर तर माणसाच्या आधी झिजायचा नाही. आता जपायला काही उरलं नाही. तरीही ठरावीक कोपऱ्यावर ती चप्पल हातात येत असेल, तर काटकसरीची सबब तिथं संपली. माणूस चप्पल कुठं काढतो ते बघा. ओढ्याशी काढत असेल तर गरिबी. वाड्याच्या कोपऱ्यावर काढत असेल तर जात.

गावाकडं एक म्हण आहे, पायातली वहाण पायातच बरी. आपल्याला आणि बाईला जागा दाखवायला ती वापरतात. त्यांचा या म्हणीवर खरोखर विश्वास असता तर आपल्या पायातली वहाण त्यांनी पायातच राहू दिली असती!

आणि वहाणेचा विटाळ म्हणावं तर तेही धड नाही. दरवर्षी आळंदीहून आणि देहूहून पालख्या निघतात, त्यांत काय असतं? पादुका. ज्यांत पाय नाहीत असं पायताण चांदीच्या रथात बसतं, खांद्यावर चढतं आणि पंढरपूरपर्यंत जातं. महाराष्ट्रात पायताण वाहून नेण्याची याहून मोठी सोय नाही. ज्ञानोबा-तुकोबांविषयी मला इथं काही म्हणायचं नाही. म्हणायचं आहे ते एवढंच, की हा समाज पायताण डोक्यावर घेऊ शकतो. कातड्याला तो भीत नाही, कातड्यावर उभं राहणाऱ्या माणसाला भितो. मेलेलं जनावर ओढलं महारानं, कातडं कमावलं ढोरानं, वहाण शिवली चांभारानं. (आणि या तिघांनी एकमेकांचं पाणी घेतलं नाही, हेही इथंच लिहून ठेवू.) ती विकत घेताना विटाळ नव्हता. आपल्या पायात दिसली की झाला.

बाबासाहेबांनी १९३६ साली लाहोरच्या परिषदेसाठी लिहिलेल्या आणि होऊ न दिलेल्या भाषणात पेशवाईतल्या पुण्याचा दाखला दिला आहे. अस्पृश्याच्या कमरेला झाडू, आपल्या पावलांची धूळ पुसत जाण्यासाठी. गळ्यात मडकं, थुंकी जमिनीवर पडू नये म्हणून. आपण तो दाखला इतक्या वेळा सांगितला आहे की तो आता ऐकू येत नाही. जरा थांबून बघा. ही दोन्ही अंगावर बाळगायची साधनं आहेत. खेळाडूची पिशवी बुटाला रस्त्यापासून वाचवते. मडकं आणि झाडू रस्त्याला माणसापासून वाचवत होते. आणि त्या रस्त्याच्या रखवालीचं ओझं टाकलं होतं त्याच माणसाच्या गळ्यात. काखेतली वहाण या मडक्याचीच धाकटी बहीण. मडकं गेलं तरी ती टिकली, कारण ती काटकसरीचं सोंग घेऊ शकत होती.

हे फक्त आपल्याकडंच झालं असं समजू नका. जपानात कातड्याचं काम करणाऱ्या जातींना, ज्यांना आज बुराकू म्हणतात, ओकायामाच्या सरकारानं १८५५ साली हुकूम काढला. कपडे नक्षी नसलेले, कच्च्या फळाच्या रसात नाहीतर निळीत रंगवलेले एवढेच घालायचे. पावसात लाकडी खडावा चालतील, पण ओळखीचा शेतकरी समोर आला की त्या काढून वाकायचं. ना हिंदू धर्म, ना मनुस्मृती, तरी खडावा काढायच्याच! १८५६ मध्ये ते लोक वस्त्या-वस्त्यांतून निघून एकत्र आले आणि हुकूम अंमलात आणू दिला नाही. पुढारी तुरुंगात गेले, काही तिथंच मेले. त्यांच्यातलं कुणी म्हणालं असेल का, की खडावांसाठी काय मरायचं? म्हणालं असेल. आपल्यातही म्हणतात.

आणि आपल्या इकडचे वरचे लोक? स्वतःच्या जोड्याचा मान त्यांना चांगला कळत होता. १८६२ साली मुंबई इलाख्यातल्या सुरतेला माणेकजी कावसजी एंटी नावाच्या पारशी गृहस्थानं इंग्रजाच्या कोर्टात जोडे काढायला नकार दिला, त्यावरून मोठा वाद झाला. जोडे काढायला लावणं म्हणजे माणसाला खाली बसवणं, हे देशी प्रतिष्ठितांना तेव्हा कळलं. वाड्यावर परतल्यावर विसरलं.

आता कायद्याचं. घटनेनं २६ जानेवारी १९५० ला अस्पृश्यता संपवली. १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्यात २०१५ साली दुरुस्ती झाली आणि ती २६ जानेवारी २०१६ पासून लागू झाली. तिच्यात सार्वजनिक ठिकाणी पादत्राणं किंवा नवे कपडे घालण्याला, सायकल-मोटारसायकलवर बसण्याला, लग्नाच्या वरातीला अडवणं हा गुन्हा, असं स्पष्ट लिहिलं आहे. शिक्षा सहा महिने ते पाच वर्षं आणि दंड. सहासष्ट वर्षांनी संसदेला ‘चप्पल’ लिहावी लागली! कलम तोंडपाठ करा. तुमच्या भागात लागेल.

पण कलमाला एक माणूस लागतो, अडवणारा. जिथं कुणीच अडवत नाही तिथं काय करायचं? वाड्यातला म्हातारा मेला, पोरं पुण्याला गेली, वाड्याला कुलूप. तरी कोपऱ्यावर आबांचा हात आपोआप खाली जातो आणि चप्पल वर येते. आरोपी कोण? फिर्याद कुणावर लिहायची?

इथं आपला कार्यकर्ता येतो. शहरातून आलेला, खांद्याला शबनम, पायात बूट. तो म्हणतो, ‘आबा, जयभीम. घाला की पायात. आता कोण काय म्हणतंय?’

आबा म्हणतात, ‘असू दे लेकरा. दोन पावलांचं तर हाय.’

‘दोन पावलांचं असलं तरी. ही गुलामी आहे, आबा.’

‘आसंल. तू कवाच्या गाडीनं जातूस?’

हा शेवटचा प्रश्न मला फार मोठा वाटतो. आबा विषय बदलत नाहीत, ते विषयावरच बोलत आहेत. कार्यकर्ता पाचच्या एस.टी.नं जाणार. आबा राहणार. उद्या शेळी कुणाच्या बांधाला गेली, नातीला विहिरीवर कुणी काही बोललं, मजुरीचे पैसे अडले, तर ती वसुली चपलेची असेल आणि ती आबांकडून होईल. दुसऱ्याच्या पायानं क्रांती करायला निघालेल्या माणसाला ‘गुलाम’ हा शब्द उच्चारायचा हक्क कुठून मिळतो? आबांचा हिशेब चुकीचा आहे असं आपण म्हणू शकतो. पण तो हिशेब करताना त्यांनी जे जे मोजलं ते आपण मोजलेलंच नाही.

मग गप्प बसायचं का? तेही नाही. ‘त्यांची इच्छा’ म्हणून सोडून देणारेही मी पाहिले आहेत. ते स्वतःला फार समजूतदार समजतात. ज्या माणसाला पन्नास वर्षं दुसरं काही निवडता आलं नाही त्याच्या सवयीला इच्छा म्हणायचं, हा समजूतदारपणा सवर्णांना फुकट मिळतो. आपण तो उसना घेऊ नये.

तामिळनाडूतलं एक उदाहरण सांगतो. तिरुप्पूर जिल्ह्यात राजावूर नावाचं गाव आहे. तिथल्या एका गल्लीतून दलितांनी चप्पल घालून जायचं नाही, असा न लिहिलेला नियम पिढ्यान्‌पिढ्या होता. डिसेंबर २०२३ मध्ये तिथली साठ माणसं चपला घालून त्या गल्लीतून चालत गेली. अस्पृश्यता निर्मूलनाचं काम करणारे कार्यकर्ते सोबत होते. मला त्यातला आकडा महत्त्वाचा वाटतो. एकाला ‘घाल’ म्हणणं म्हणजे त्याला पुढं ढकलणं. साठ जणांनी घातली तर कुणाची शेळी अडवायची हे गावालाही लवकर ठरवता येत नाही. बाबासाहेबांनी १९२७ ला महाडला हेच केलं होतं. एकट्या माणसाला त्यांनी ‘जा, पाणी पिऊन ये’ म्हणून पाठवलं नव्हतं. स्वतः पुढं होते, मागं हजारो होते. आणि तरी परतताना आपली माणसं मार खाऊन आली.

तेव्हा गावात जाल तर भाषण नंतर करा. आधी एक दिवस नुसतं बघा, चप्पल कुठं निघते आणि कुठं परत पायात जाते. बायकांची कुठं निघते ते वेगळं बघा, त्यांचा कोपरा बहुधा आधीचा असतो. मग वस्तीत मुक्काम करा. पाचची गाडी सोडा. त्या कोपऱ्यावरून आबांच्या बरोबर चाला. पुढून नको, मागून घोषणा देत नको, फोटो नको. आठ दिवसांनी पुन्हा या आणि पुन्हा चाला, आणि दर खेपेला वस्तीतले चारजण वाढतील असं बघा.

आबांनी कातडी जोड फडक्यात बांधून आढ्याला अडकवला असेल तर तो तिथंच राहू द्या. तो नातीच्या लग्नासाठी आहे, आणि तो त्यांनी किती दिवस जपावा हे त्यांचं ते बघतील. त्यांच्याशी बोलायचं ते रबरी चपलेबद्दल.