दीड मिनिटाचं देणं

न कळणाऱ्या भाषेतल्या गाण्याने डोळे भरून आले, तर ते भरून येणं खरं मानावं का? हा प्रश्न बरेच दिवस मनात आहे आणि त्याचं उत्तर मी स्वतःलाच द्यायला हवं. मी पनवेल तालुक्यातल्या बेलपाड्यात राहते. जपानला कधी गेलेले नाही, जपानी लिपी मला वाचता येत नाही. तरी रात्री कामं आटोपल्यावर मन ज्या गाण्यांकडे वळतं, त्यातली बरीच जपानी असतात. संथ, हलक्या आवाजातली, पियानो किंवा गिटारच्या मोजक्या साथीवर चालणारी ही गाणी जवळजवळ सगळी अॅनिमेच्या, म्हणजे जपानी अॅनिमेशनच्या, वाटेने माझ्यापर्यंत आली.

पहिली शंका अशी, की मला गाणं आवडतं की त्याला चिकटलेली कथा? यामाझाकी मासायोशी यांचं ‘वन मोर टाइम, वन मोर चान्स’ 1997 सालचं. दिग्दर्शक माकोतो शिंकाई यांनी ते आपल्या चित्रपटात, ‘फाइव्ह सेंटिमीटर्स पर सेकंड’मध्ये 2007 साली घेतलं. ‘सीक्रेट बेस’ हे गाणं झोन या मुलींच्या बँडने 2001 साली गायलं. दहा वर्षांनी ‘अनोहाना’ मालिकेत पात्रांना आवाज देणाऱ्या तीन अभिनेत्रींनी ते पुन्हा म्हटलं, तेव्हा मैत्रीण गमावलेल्या मुलांच्या कथेत ते असं बसलं की आज अनेकांना ते त्या मालिकेचंच वाटतं. ‘स्पिरिटेड अवे’ या चित्रपटाच्या शेवटी लायर या तंतुवाद्यावर किमुरा युमी गातात, ते गाणंही मुळात त्याचे दिग्दर्शक हायाओ मियाझाकी यांच्या दुसऱ्याच, पूर्ण न झालेल्या चित्रपटासाठी घडलं होतं. म्हणजे ही गाणी कथेच्या आधीही आपल्या बळावर उभी होती. कथेने त्यांना नवं घर दिलं. आणि एखादं गाणं एखाद्या दुःखाशी कायमचं जोडलं गेलं, म्हणून त्याच्यावरचं प्रेम खोटं ठरत नाही. आपल्याकडे चित्रपटातल्या गाण्यांवर आपण असंच प्रेम करत आलो आहोत.

दुसरी शंका परकेपणाची. हे सूर माझे आहेत का? मेइजी काळापासून, म्हणजे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून, जपानच्या लोकप्रिय गाण्यांत पाच सुरांची एक रचना रुळली. तिच्यात चौथा आणि सातवा सूर नसतो. मध्यम आणि निषाद वगळले की आपला भूपच हाती येतो. ‘संगीत स्वयंवर’मधलं ‘सुजन कसा मन चोरी’ ज्या भूपातलं आहे, त्याच पाच सुरांच्या आधाराने क्यू साकामोतो यांचं 1961 सालचं ‘उए ओ मुइते आरुको’ चालतं, आणि 1963 साली ते अमेरिकेच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत पहिलं आलं. आजच्या जपानी बॅलडमध्ये पाश्चात्त्य कॉर्ड भरपूर असतात, पण वरची चाल कित्येकदा साधी, गुणगुणता येईल अशी राहते. म्हणून माझा कान तिथे बिचकत नाही.

इथवर मन माझ्या बाजूने बोलतं. पुढे ते उलटतपासणी घेतं.

कान रमला, ठीक. पण त्या शब्दांचं काय? कुणीतरी बसून, खोडून, पुन्हा लिहून ते शब्द जुळवलेले असतात. मी त्यांना केवळ गोड आवाज समजले, तर ती कवीची उपेक्षाच. आवडत्या गाण्याचा अर्थ शोधून, तो समोर ठेवून एकदा तरी ऐकणं हे मी कर्तव्य मानते. आणि तोच न्याय घराजवळही लावायला हवा. पनवेल-उरण पट्ट्यातल्या आगरी लग्नांत धवलारिणी धवले गातात. ही गाणी पिढ्यान्‌पिढ्या बायकांनी तोंडपाठ जपली आहेत. दूरच्या गाण्याचा अर्थ शोधण्याची कळकळ जर धवल्यापाशी येऊन थांबत असेल, तर माझी रसिकता अपुरी आहे. एकावर प्रेम करायला दुसरं सोडावं लागत नाही. लक्ष देऊन ऐकणं मात्र दोन्हीकडे सारखंच लागतं.

शेवटचा प्रश्न सगळ्यात जड आहे. मी घेते पुष्कळ, देते काय? टीव्हीवरच्या अॅनिमेच्या भागाअखेरीस साधारण दीड मिनिटाचं गाणं येतं. मालिकेतली हळवी गाणी बहुधा इथेच असतात आणि त्यांच्यासोबत चित्र काढणाऱ्यांची, रंग भरणाऱ्यांची, वादकांची नावं पडद्यावरून सरकत जातात. नेमकं तेव्हाच ‘पुढचा भाग’ हे बटण समोर येतं. त्या नावांचं मोल मला एका घटनेने कळलं. 18 जुलै 2019 रोजी क्योतो अॅनिमेशनच्या स्टुडिओला एका माणसाने आग लावली आणि 36 जणांचा जीव गेला. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये या स्टुडिओचा ‘व्हायोलेट एव्हरगार्डन’चा चित्रपट आला, तेव्हा त्यावर काम केलेल्या सगळ्यांची नावं त्यात घेतली गेली. हे कळल्यापासून मला शेवटची नावं ही फक्त पाटी वाटत नाहीत. ज्या हळवेपणाने मी सुखावते, तो कुणाच्या तरी बोटांतून उतरलेला असतो. त्याची किंमत पैशात चुकती करणं, म्हणजे अधिकृत ठिकाणीच ऐकणं-पाहणं आणि चित्रपटगृहात आला तर तिकीट काढणं, हा अर्धा भाग. पूर्ण लक्ष देणं हा उरलेला अर्धा.

भारतातल्या चाहत्यांनी हे करून दाखवलं आहे. शिंकाईंचा ‘वेदरिंग विथ यू’ इथल्या पडद्यावर यावा म्हणून हजारोंनी सह्या केल्या आणि ऑक्टोबर 2019 मध्ये तो आला. फुकट मिळत असताना तिकीट मागणारे ते प्रेक्षक मला या बाबतीत गुरुस्थानी आहेत.

तेव्हा माझा निवाडा असा: डोळ्यांत आलेलं पाणी खरं आहे, पण तेवढ्यावर हिशेब मिटत नाही. हळव्या गाण्याने आपण स्वतःपुरते हळवे होऊन थांबलो, तर ते गाणं वाया गेलं. ते बनवणाऱ्या माणसांपर्यंत आणि आपल्या शेजारच्या गाणाऱ्यांपर्यंत आपला जिव्हाळा पोहोचायला हवा. तुम्हालाही ही गाणी आवडत असतील, तर एवढं करा: भाग संपला की बटणाकडे हात नेऊ नका. गाणं शेवटपर्यंत वाजू द्या आणि नावं वाचा.