अस्मानी कोणती, सुलतानी कोणती?

पावसानें दगा दिला तर ती अस्मानी, आणि राज्यकर्त्यानें नाडलें तर ती सुलतानी, असा भेद आपल्या पूर्वजांनीं करून ठेविला आहे. ह्या भेदांत एक नैतिक निवाडा दडलेला आहे. अस्मानीपुढें मनुष्य निर्दोष, कारण आकाशांत काय घडणार हें त्याला कळत नाहीं. सुलतानींत मात्र कोणीतरी अपराधी असतो. जेथें ज्ञान नाहीं तेथें दोषहि नाहीं, हें त्यामागील सूत्र. तें कितपत टिकतें, आणि विज्ञानाच्या वाढीनें तें बळकट होतें कीं ढिलें पडतें, ह्याचा विचार प्रस्तुत लेखांत करावयाचा आहे.

उदाहरण मराठवाड्यांतीलच घेऊं. २०१४ सालीं देशांतील मोसमी पाऊस सरासरीहून १२ टक्क्यांनीं कमी पडला, २०१५ सालीं १४ टक्क्यांनीं. लातूर शहराला पाणी पुरविणारें मांजरा धरण कोरडें पडलें. २०१६ च्या मार्च महिन्यांत पाणी भरण्याच्या जागांभोंवतीं दंगा होऊं नये म्हणून जमावबंदीचा हुकूम काढावा लागला. आणि १२ एप्रिल रोजीं, मिरजेहून सुमारें ३४० किलोमीटरांचें अंतर तोडून, पाण्याची पहिली आगगाडी लातुरास पोंचली. तिच्या १० टाक्यांत सुमारें ५ लाख लिटर पाणी होतें. २०११ च्या शिरगणतीप्रमाणें शहराची वस्ती सुमारें ३ लाख ८३ हजार. म्हणजे माणशीं दीड लिटरहि नाहीं. पुढें गाडीच्या टाक्या वाढल्या, खेपाहि वाढल्या. परंतु अशा वेळीं जो तो एकच वाक्य बोलतो : पाऊसच पडला नाहीं, त्याला कोण काय करणार?

ह्या वाक्याचा निकाल लावण्यासाठीं तीन शास्त्रांची साक्ष काढावी लागते. नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठांत (लातूर जिल्हा त्याच्याच कक्षेंत येतो) जीवशास्त्र, गणित आणि भूशास्त्र ह्यांचीं संकुलें निरनिराळीं आहेत, आणि अध्ययनाच्या सोयीसाठीं तीं तशीं असावींतहि. परंतु रिकाम्या घागरीपाशीं हीं शास्त्रें एकत्र येतात, आणि भविष्याविषयीं प्रत्येकाचें म्हणणें निराळें असतें.

पहिली साक्ष किण्वनाची. लातूरच्या परिसरांत ऊस आहे, म्हणून साखर कारखाने आहेत. उसाच्या रसापासून साखर काढल्यावर मळी उरते, आणि मळींत यीस्टचे सूक्ष्म जीव सोडले कीं मद्यार्क तयार होतो. आंबणें ही सजीवांची क्रिया आहे, हें लुई पाश्चरनें १८५७ पासूनच्या आपल्या प्रयोगांनीं दाखविलें. तिचा हिशेब इतका पक्का आहे कीं, १८० ग्रॅम द्राक्षशर्करेपासून फार तर ९२ ग्रॅम मद्यार्क मिळतो आणि ८८ ग्रॅम कर्बाम्ल वायु निघून जातो. ह्या जिवांची वाढहि अशीच नियमांत बसते. १९१३ सालीं कार्लसन ह्यानें एका पात्रांतील यीस्टची तासातासाला मोजदाद केली. आरंभींचा ९.६ हा आंकडा तासाभरांत १८.३ झाला, आणि अठराव्या तासाला ६६१.८ वर येऊन जवळजवळ थांबला. अन्न सरत जातें, आणि स्वतःच निर्माण केलेला मद्यार्क त्या जिवांना बाधूं लागतो. पात्र बंद असेल तर शेवट काय होणार, हें येथें आधींच सांगतां येतें.

दुसरी साक्ष लोकसंख्येच्या गणिताची. बेल्जियमच्या व्हेरहुल्स्ट ह्या गणितज्ञानें १८३८ सालीं मर्यादित वाढीचें समीकरण मांडलें : आरंभीं मंद, मग वेगवान आणि मर्यादेजवळ पुन्हा मंदावणारी वाढ. कार्लसनचे आंकडे ह्याच वक्ररेषेवर बसतात, हें पुढें अमेरिकेंत रेमंड पर्ल ह्यानें दाखविलें. परंतु माणसांच्या बाबतींत ह्या समीकरणाचीं भाकितें फसलीं. बेल्जियमची वस्ती ९४ लाखांवर थांबेल, असा व्हेरहुल्स्टचा १८४७ चा हिशेब होता. आज ती १ कोटि १५ लाखांहून अधिक आहे. पर्ल व रीड ह्यांनीं १९२० सालीं अमेरिकेला घालून दिलेली सुमारें १९ कोटि ७० लाखांची मर्यादा त्या देशानें १९७० च्या आधींच ओलांडली. ह्यांत समीकरणाची आकडेमोड चुकली नव्हती. पात्रच स्थिर राहिलें नव्हतें. यीस्टला आपलें पात्र मोठें करतां येत नाहीं, मनुष्याला येतें. मिरजेची आगगाडी म्हणजे तरी काय? लातूरचें पात्र कृष्णेपर्यंत ताणण्याचा तो प्रयत्न होता. गणिताची हद्द येथें संपते आणि नीतीची सुरू होते. कारण पात्र ज्या बाजूला ताणावें, तेथें बहुधा दुसऱ्या कोणाचा वांटा असतो.

तिसरी साक्ष वातावरणाची, आणि अस्मानीचा पक्ष मुख्यतः हिच्यावर उभा आहे. एडवर्ड लॉरेन्झ हा हवामानशास्त्रज्ञ १९६१ सालीं संगणकावर वातावरणाचें एक सोपें प्रतिरूप चालवीत होता. एक गणित पुन्हा मांडतांना त्यानें ०.५०६१२७ ऐवजीं ०.५०६ एवढाच आंकडा घातला, आणि थोड्याच काळांत पुढचें सारें हवामान निराळें झालें. त्यावरील विचार त्यानें १९६३ सालीं प्रसिद्ध केला. दररोजच्या हवेचें भाकित सुमारें दोन आठवड्यांपलीकडे करतां येत नाहीं, असें आज मानतात. गंमत अशी कीं, लोकसंख्येचें तें साधें समीकरण पिढीपिढीनें मोजलें आणि वाढीचा वेग पुरेसा मोठा घेतला तर तेंहि असेंच बेभरंवशाचें वागतें, हें रॉबर्ट मे ह्यानें १९७६ सालीं दाखविलें. समग्र मोसमाचा अदमास समुद्राच्या तपमानावरून कांहींसा बांधतां येतो. पण तोहि ढोबळच. एप्रिल २०१५ मध्यें सरकारी हवामानखात्यानें सरासरीच्या ९३ टक्के पाऊस सांगितला, तो ८६ टक्के पडला. २०१६ सालीं १०६ सांगितला, तो ९७ पडला.

तेव्हां अस्मानीचा दावा सिद्ध झाला, असें प्रथमदर्शनीं वाटेल. परंतु ज्ञात काय होतें आणि अज्ञात काय होतें, ह्याची फोड केली कीं चित्र पालटतें. पाऊस कोणत्या वर्षीं हुलकावणी देणार, हें अज्ञात होतें. तो मधून मधून देणारच, हें १९७२ चा दुष्काळ पाहिलेल्या प्रांताला नव्यानें सांगावयास नको होतें. शहर २००१ ते २०११ ह्या दहा वर्षांत ३ लाखांवरून ३ लाख ८३ हजारांवर गेलें, हें शिरगणतींत छापलेलें होतें. महाराष्ट्रांत ऊस सुमारें चार टक्के जमीन व्यापतो आणि सिंचनाच्या निम्म्याहून अधिक पाण्यावर हक्क सांगतो, हेंहि गुपित नव्हतें. तुटीच्या प्रदेशांत असलीं पिकें आवरावींत, असा सल्ला डॉ. माधव चितळे ह्यांच्या अध्यक्षतेखालील जल व सिंचन आयोगानें १९९९ सालींच दिला होता. जें अज्ञात होतें त्यानें फक्त संकटाची तारीख ठरविली. संकटाचें माप ज्ञात गोष्टींनीं ठरविलें.

शिवाय, अमुक एका मुदतीपलीकडचें सांगतां येत नाहीं, हेंहि एक ज्ञानच आहे, आणि त्याचें स्वतःचें असें एक कर्तव्य आहे. जेथें हिशेब करतां येतो तेथें हिशेब करावा. जेथें येत नाहीं तेथें शिल्लक ठेवावी. पेवांत धान्य भरून ठेवणारा जुना शेतकरी पुढच्या वर्षाचें भविष्य जाणत नव्हता. जाणत नव्हता म्हणूनच तो तें भरीत होता. अज्ञान हें त्याच्या लेखीं सुटकेचें कारण नव्हतें, तरतुदीचें होतें.

ह्यावर एक आक्षेप येईल, आणि तो हलका नाहीं. उसाला ठरलेलें गिऱ्हाईक आहे, सरकारनें बांधून दिलेला किमान भाव आहे. तुरीला आणि सोयाबीनला अशी शाश्वति नाहीं. बेभरंवशाच्या आकाशाखालीं शेतकरी ऊस लावतो, तो आपल्या परीनें शहाणपणच करीत असतो. मग दोष कोणाचा? आमच्या मतें एकट्या शेतकऱ्याचा नव्हे. प्रत्येकाच्या शहाणपणाची बेरीज सर्वांच्या नाशांत होत असेल, तर तो हिशेब कोणा एकाला दुरुस्त करतां येत नाहीं. तो सर्वांनीं मिळून करावयाचा असतो, आणि ज्याला ऊस सोडावा लागेल त्याची भरपाईहि त्याच हिशेबांत धरावी लागते. आज एकटा सुलतान उरलेला नाहीं. पाण्याचे नियम करणारे, ते करविणारे आणि ते मोडले जात असतां गप्प राहणारे आपणच आहों.

२०१६ च्या सप्टेंबरअखेर लातुरांत मुसळधार पाऊस झाला आणि मांजरा धरण पुन्हा भरलें. तो पाऊस महिनाभर आधीं कोणालाहि सांगतां आला नसता, आणि त्याचें श्रेयहि कोणाला घेतां येत नाहीं. परंतु भरल्या धरणांतून पिण्यासाठीं दोन वर्षांचें पाणी आधीं राखून मग पिकांना द्यावें, कीं आधीं वाटून मोकळें व्हावें, हा प्रश्न आकाशाचा नव्हे. धरण भरलेलें असतांना त्याची आठवण कोणालाच नको असते. आणि उत्तर देण्याची वेळ तर तीच असते.