मीठ आणि समेट

आजचे वाचन : मार्क 9:33-50

आपल्या नवघर-भाईंदरला मीठ नवीन नाही. मिठागरात भरतीचं पाणी आत घेतात, उन्हानं ते आटतं आणि मीठ उरतं. पावसाआधी ते उचललं नाही, तर सगळी मेहनत वाया.

मीठ म्हटलं की आपल्याला मत्तय 5:13 आठवतं. पण मार्क 9:50 मध्ये प्रभु येशू मिठाबरोबरच एकमेकांशी शांतीनं राहायला सांगतो. आणि कोणाला? वाटेत ‘आपल्यात मोठा कोण’ यावरून वाद घातलेल्या शिष्यांना (9:34).

इथंच मी अडखळलो. घराच्या वाटणीवरून मी दोन वर्षं दादाशी बोललेलो नाही. रविवारी मंडळीत प्रार्थना मात्र चालवतो! हिशेब मांडला तर मीच बरोबर ठरतो. पण मीठ विरघळणारच : भाजीत पडलं तर चव येते, पावसात सापडलं तर फुकट जातं. आज मीच दादाला फोन करणार. तो उचलेल का, ठाऊक नाही. तुम्हालाही कोणाला करायचा आहे का?

प्रार्थना : हे प्रभु, उशीर होण्याआधी माझा ‘मी’ विरघळू दे. येशूच्या नावात, आमेन.