धरलेली पोटरी आणि तप

मॅरेथॉनचं अंतर ४२.१९५ किलोमीटर. जळगावात मेहरुण तलावाभोवती किंवा धुळ्यात नकाणे तलावाच्या रस्त्यावर पहाटे त्याची तयारी करणाऱ्याची पोटरी कधी ना कधी धरतेच. आठवडाभर पाय बरा वाटतो, पुन्हा वेग वाढवला की तीच जागा चमकते. धावावं की थांबावं, हे डॉक्टर सांगतील. पण धावणाऱ्याच्या मनात आणखी एक प्रश्न असतो : दुखणं सोसत राहणं हे तप आहे का?

खान्देशात हा प्रश्न नवा नाही. चैत्रात जळगाव-धुळ्याकडचे हजारो भाविक रणरणत्या उन्हात सप्तशृंगगडाकडे पायी निघतात. मुक्ताईनगरहून निघणारी मुक्ताईची पालखी पाचशेहून अधिक किलोमीटर चालून पंढरपूर गाठते. तळपायाला फोड येतात, पोटऱ्यांत गोळे येतात, तरी पाऊल पुढे पडतं. हे पाहत वाढलेल्या माणसाला सोसण्यात पुण्य दिसलं, तर नवल नाही.

पण याच भूमीत दुसरा विचारही सांगितला गेला आहे, आणि तो धुळ्याच्या तुरुंगात. २१ फेब्रुवारी १९३२पासून विनोबा तिथे दर रविवारी गीतेच्या एकेका अध्यायावर बोलले. अमळनेरच्या शाळेत शिकवलेले साने गुरुजी ते उतरवून घेत होते. सहाव्या अध्यायावर बोलताना विनोबांनी चित्ताच्या एकाग्रतेला जोड दिली ती जीवनातल्या परिमिततेची. गीता तिथे अति खाणाऱ्याला आणि मुळीच न खाणाऱ्याला, अति झोपणाऱ्याला आणि अति जागणाऱ्याला, सगळ्यांनाच योगापासून दूर ठेवते. सतराव्या अध्यायात तर ती फारच कठोर होते. हट्टाने स्वतःला पीडा देऊन केलेलं तप तामस ठरतं. शरीराला असं छळणारा आत वसणाऱ्या ईश्वरालाही छळतो, असं भगवंत सांगतात.

धरलेल्या पोटरीवर धावणाऱ्याने हे नीट ऐकावं.

स्नायू ओढला जातो तेव्हा त्याचे काही तंतू तुटतात. दुखणं कमी होतं, पण तंतूंची ताकद त्यानंतर बऱ्याच दिवसांनी परत येते; म्हणूनच एकदा दुखावलेली जागा पुन्हा दुखावते. मात्र खाटेवर पडून राहणं हाही उपाय नाही. डेन्मार्कमध्ये मांडीचा किंवा पोटरीचा स्नायू दुखावलेल्या ५० हौशी खेळाडूंवर अभ्यास झाला. तो २०१७मध्ये प्रसिद्ध झाला. ज्यांनी दोन दिवसांनी हलका, क्रमाक्रमाने वाढणारा व्यायाम सुरू केला, ते साधारण ६२ दिवसांत मैदानावर परतले. नऊ दिवस थांबलेल्यांना ८३ दिवस लागले. अति आणि शून्य, दोन्ही टाळणारी ही वाट सहाव्या अध्यायाच्या किती जवळची आहे!

उरतो तो शर्यतीच्या तारखेचा मोह. फळाची आसक्ती म्हणजे काय, हे नाव नोंदवलेल्या धावपटूइतकं कुणाला कळणार? पाय बरा झालेला नसताना ती तारीख सोडून देणं अतिशय कठीण असतं, आणि म्हणूनच तप म्हणायचं तर त्या सोडण्याला म्हणावं. दिंडीबरोबर सामानाचा ट्रक असतो. पाय सुजलेला वारकरी एखाद्या टप्प्यापुरता त्यात बसतो आणि सूज उतरली की पुन्हा रांगेत चालू लागतो. त्याच्या भक्तीचा हिशोब कुणी मागत नाही.