कोरेगावची मानवंदना आणि पंचशील

दर १ जानेवारीला आपण भीमा कोरेगावच्या स्तंभाला मानवंदना देण्यास जातो आणि तेथेच त्रिशरण-पंचशीलही ग्रहण करतो. एका तरुण उपासकाने मला विहाराच्या पायरीवर विचारले, "काका, ज्या तोंडाने प्राणिहिंसेपासून अलिप्त राहीन म्हणायचे, त्याच तोंडाने लढाईचा जयजयकार करायचा, हे कसे?" माझ्याजवळ त्या वेळी उत्तर नव्हते. मी चहा मागविला व विषय बदलला. हे त्याचे उशिरा दिलेले उत्तर समजावे.

प्रथम काय घडले ते पाहू. ३१ डिसेंबर १८१७ च्या रात्री बॉम्बे नेटिव्ह इन्फंट्रीच्या पहिल्या रेजिमेंटची दुसरी पलटण कॅप्टन स्टाँटनच्या हाताखाली शिरूरहून पुण्याकडे निघाली. सुमारे ५०० शिपाई, घोडेस्वार व मद्रासच्या तोफखान्यातील दोन तोफा. सकाळी भीमेच्या काठी दुसऱ्या बाजीरावाची फौज समोर दिसली. पलटण कोरेगावात शिरली आणि रात्र पडेपर्यंत गल्लीबोळांतून लढली. रात्रभर चाललेले पाय, पोटात अन्न नाही, आणि नदी हाकेच्या अंतरावर असून दिवसभर पाणी नाही. ८३४ पैकी २७५ ठार, जखमी वा बेपत्ता झाले. रात्री पेशव्यांची फौज निघून गेली.

आता पहिल्या शीलाचा प्रश्न. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात बाबासाहेबांनी अहिंसेला नियम न मानता तत्त्व मानले, आणि मारण्याची इच्छा व मारण्याची गरज यांत भेद केला. म्हणून शिपायाचा पेशा धम्माबाहेरचा ठरत नाही. परंतु तेवढ्याने आपली सुटका होत नाही. कोरेगावचा शिपाई पगारी होता, कंपनी सरकारचा चाकर होता. आपल्या मुक्तीचा विचार मनात धरून तो लढला, असे मी छातीठोक सांगू शकत नाही, आणि कोणी सांगू नये. आपण ज्याला वंदन करतो ते त्या दिवशी पडलेल्या प्रेतांना नव्हे. ज्यांच्या स्पर्शाचा विटाळ मानला जाई, ज्यांना पुण्यात गळ्यात मडके व कमरेला झाडू बांधून हिंडावे लागे असे बाबासाहेबांनी 'जातिनिर्मूलना'त नोंदविले आहे, ती माणसे अंगावर गणवेश चढताच कोणापेक्षाही उणी ठरली नाहीत. वंदन याला आहे. समोरच्या बाजूने पडलेले अरब आणि गोसावी हेही कोणाचे तरी मुलगे होते, हे म्हटल्याने आपल्या पूर्वजांचे शौर्य कमी होत नाही.

खरे सांगू? मला पहिल्या शीलापेक्षा चौथ्याची अधिक काळजी वाटते. आपल्या व्यासपीठांवरून सांगितले जाते की ५०० महारांनी २८ हजारांचा फडशा पाडला व त्या दिवशी पेशवाई बुडाली. वस्तुतः पेशव्यांची सारी फौज गावात उतरलीच नव्हती, त्यातील काही तुकड्या लढल्या. पलटणीत महार मोठ्या संख्येने होते, तसे मराठे, मुसलमान व इतरही होते. शनिवारवाड्यावर इंग्रजी निशाण नोव्हेंबर १८१७ मध्येच चढले होते आणि बाजीराव शरण आला तो जून १८१८ मध्ये. स्तंभावर 'नाक' हा प्रत्यय असलेली नावे कोरलेली आहेत, ती दगडातली आहेत, त्यांना आपल्या फुगवट्याची गरज काय? आपली एक थाप उघडी पडली की आपले शंभर खरे बोल संशयात जातात, आणि ते व्हावे म्हणून टपून बसलेले काही कमी नाहीत.

ज्या सरकारने १८२१ साली हा स्तंभ उभारण्यास घेतला, त्याच सरकारने त्या शतकाच्या अखेरीस महारांची सैन्यभरती बंद केली. निवृत्त शिपाई गोपाळबाबा वलंगकरांना १८९४ साली त्याविरुद्ध अर्ज लिहावा लागला. सुभेदार रामजींच्या घरी शिक्षण आले ते लष्करातूनच, हे ध्यानात घेतले म्हणजे त्या बंदीने किती घरांचे दार लागले ते कळेल. महार रेजिमेंट उभी राहिली ती १९४१ मध्ये, बेळगावला. म्हणजे धन्याने शौर्य दगडावर कोरले आणि शूराच्या नातवाला मात्र परत पाठविले!

१ जानेवारी १९२७ रोजी बाबासाहेब या स्तंभापाशी आले. त्याच वर्षी २० मार्चला त्यांनी महाडला चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले. मध्ये अकरा आठवडे. तेथे हाती शस्त्र नव्हते. त्या तरुणाला मी पुढच्या वेळी सोबत नेणार आहे. आधी दोघे मिळून स्तंभावरची नावे वाचू, सगळी, एकही न गाळता, आणि मग भीमेवर जाऊन पाणी पिऊ.