पोथीला हात लावताना

बालाघाट जिल्ह्यातल्या रामपायलीत चंदन नदीच्या काठी रामाचं जुनं मंदिर आहे. गावाचं नाव आधी रामपदावली होतं, बोलता बोलता ते रामपायली झालं, असं सांगतात. समजा, तिथल्या एखाद्या घरातले जुने कागद कुणी लिनक्सच्या संगणकावर उतरवून घेतो आहे. एका पानावर रामपदावली, दुसऱ्यावर रामपायली, तिसऱ्यावर रामपैली. सेड नावाच्या साधनाला एक ओळ सांगितली की पापणी लवायच्या आत सगळीकडे एकच नाव होईल. फाइल नीटनेटकी दिसेल. पण लिहिणाऱ्याच्या तोंडी ते नाव कसं होतं, हे त्या फाइलीतून पुसलं जाईल.

शुद्ध करणं ही सेवा की आगळीक?

मराठीत हा प्रश्न संगणकाच्या कितीतरी आधीचा. शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, एकनाथांनी ज्ञानेश्वरीच्या प्रती ताडून पाठ शुद्ध केला. ग्रंथ १२९० चा; मधल्या तीनशे वर्षांत नकला करणाऱ्यांच्या हातून बरंच काही आत शिरलं होतं. यापुढे कुणी त्यात आपली ओवी घातली तर ती अमृताच्या ताटात करवंटी ठेवल्यासारखी होईल, असंही त्यांनी बजावलं. बदल करणारा आणि बदल अडवणारा माणूस एकच होता. त्यांची निष्ठा निर्विवाद आहे. तरी नाकारलेले पाठ त्या शुद्ध प्रतीत उरले नाहीत, ही हुरहुर अभ्यासकाला लागतेच.

पुण्याच्या भांडारकर संस्थेनं वेगळी वाट धरली. महाभारताची चिकित्सक आवृत्ती १९१९ साली सुरू झाली, १९६६ मध्ये पुरी झाली. १,२५९ हस्तलिखितं तपासली गेली, आणि जे पाठ वर घेतले नाहीत ते पानाच्या तळाशी छापले. निर्णय घेतला, पण पुरावा जाळला नाही. धर्मग्रंथाशी वागण्याची याहून प्रामाणिक रीत सापडणं कठीण.

लिनक्सवर ही रीत हाताशीच आहे. मजकूर संपादायला विम घ्यावा की ईमॅक्स, या वादाला लोक गमतीनं धर्मयुद्ध म्हणतात. खरा धर्माचा प्रश्न मात्र कोणत्या फाइलीला कोणत्या हातानं शिवावं, हा आहे. कुणाला कोणते अधिकार द्यायचे ते ठरवणारी सुडोअर्स ही फाइल नेहमीच्या पद्धतीनं उघडूच नये म्हणतात. त्यासाठी व्हिसुडो आहे: एका वेळी एकालाच आत घेतो आणि चूक दिसली तर जतन करण्याआधी अडवतो. नुसतं वाचायचं असेल तर लेस. चार ओळी लिहायच्या असतील तर नॅनो. दोन प्रती ताडायला डिफ.

आणि कधी अक्षराच्या आत उतरावं लागतं. ‘दुसऱ्या’मधला अर्धा र घ्या. युनिकोडमध्ये तो स्वतंत्र ऱ वापरून लिहिता येतो, साध्या र ला नुक्ता देऊन लिहिता येतो, आणि र च्या हलन्तापुढे एक अदृश्य जोडचिन्ह ठेवूनही लिहिता येतो. तिन्ही पडद्यावर सारखेच दिसतात. पण ग्रेप या शोधसाधनानं एक शोधला तर उरलेले दोन सापडत नाहीत. विममध्ये अक्षरावर कर्सर नेऊन जी आणि आठ या कळा एकामागोमाग दाबल्या की आतले बाइट समोर येतात, तेव्हा भेद कळतो.

मग शब्द एक की तीन? हा वाद भारतीय दर्शनांत जुना आहे. मीमांसकांच्या मते वर्ण नित्य आहे. उच्चार त्याला फक्त प्रकट करतो. त्या न्यायानं तिन्ही रूपं एकच, ती एकसारखी करून घेण्यात काही बिघडत नाही. नैयायिक म्हणतात, शब्द उत्पन्न होतो आणि नाश पावतो. त्यांचं मानलं तर प्रत्येक नक्कल ही स्वतंत्र घडलेली गोष्ट ठरते, आणि ती जपावी लागते. अर्ध्या र पुरता मीमांसकांचा निवाडा पटतो, कारण तो भेद टंकलेखनाच्या सोयीतून आला. रामपैलीपुरता पटत नाही. तिथं एका माणसाचा कान आणि जीभ आहे.

म्हणून रामपायलीच्या त्या कागदांसाठी पहिली फाइल जशीच्या तशी उतरवावी, रामपैलीसकट, आणि तिचा लिहिण्याचा अधिकार काढून घ्यावा. शोधासाठी दुसरी प्रत करावी. सेड चालवायचा तो तिच्यावर. दोन्हींमधला फरक डिफनं काढून तिसऱ्या फाइलीत ठेवावा, कुणी, कधी आणि का बदललं या नोंदीसह.