ज्याचे त्याचे पात्र

हिवाळा सरता सरता, अँथेस्टेरिऑन मासाच्या 11, 12 आणि 13 या तिथींना, प्राचीन अथेन्समध्ये मद्यदेवता डायोनिससचा उत्सव होत असे. आणि त्यातील मधल्या दिवसास ज्या मृत्पात्रावरून नाव पडले, तो ‘खूस’ म्हणजे बसक्या पोटाची, एका कानाची, तीन पाकळ्यांसारखे तोंड मुरडलेली, सुमारे सव्वातीन लिटर मावेल एवढी सुरई होय. एरवी ग्रीकांच्या पानगोष्ठीत क्रेटर नावाच्या एकाच मोठ्या भांड्यात पाणी मिसळून सिद्ध केलेले मद्य सर्वांस वाटले जाई आणि संभाषण हाच तिचा प्राण असे. या एका दिवशी मात्र प्रत्येकाने आपापला खूस पुढे घ्यावा, रणशिंग वाजताच पिण्यास आरंभ करावा आणि मुखातून शब्द काढू नये, असा दस्तूर होता.

या दस्तुराची कुळकथा युरिपिडीसने ‘टॉरिसमधील इफिजेनिया’ या नाटकात पुराणकथेतील ओरेस्टीसच्याच तोंडी घातली आहे. मातृहत्येचा विटाळ अंगावर घेऊन तो न्यायासनासमोर रुजू होण्यास अथेन्सला आला, तेव्हा त्याला दारातून परत लावणे हा अतिथिधर्माचा भंग आणि त्याच्याशी एका पात्रातून पिणे हा देवांचा अपराध, अशा पेचात सापडलेल्या यजमानांनी त्याला एकाच छपराखाली निराळ्या मेजावर बसविले, आणि मग सर्वांनीच आपापल्या पात्रात सारखे मद्य मोजून घेऊन मौन धरले.

ही करुणा अपुरी होती, हे मान्य केले पाहिजे. कारण ते वेगळेपण ओरेस्टीसला उमगले होते आणि न उमगल्याचे दाखवून तो आतल्या आत कण्हत राहिला. तरीही एकट्या पाप्यापुढेच निराळे भांडे ठेवून शुद्धांनी आपसांत एकत्र पिणे किती सोपे होते! त्यांनी तसे केले नाही. त्याचे एकाकीपण सर्वांनी आपल्या वाट्यास घेतले, आणि नगराने तेच दरवर्षी व्रतासारखे पाळले. दंडाधिकार दुसऱ्याचा म्हणून अतिथीला त्याच्या दोषासकट आश्रय देणे, आणि त्या आश्रयाचा भार स्वतः सोसणे, हाच मला येथे धर्म दिसतो.

उत्सवाच्या त्या मधल्या दिवशी इतर देवालये बंद असत. ओरेस्टीसशी एका छपराखाली बसलेल्यांच्या पुष्पमाला देवांस चालत नाहीत म्हणून प्रत्येकजण आपली माला आपल्याच खुसाभोवती गुंडाळी आणि लिम्नाइ येथील, वर्षातून त्या एकाच दिवशी उघडणाऱ्या डायोनिससच्या मंदिराच्या पुजारिणीकडे नेऊन देई.